फाट्यापर्यंत

कार्बोरेटरमधले जेट, पेट्रोल सोडणारी ती बारीक तोटी, आकाशने पुन्हा एकदा काढले, ओठांशी धरले आणि फुंकर मारली. फुंकर आरपार गेली. म्हणजे इथेही काही नव्हते. जाळी धुऊन झाली होती, टाकीखालची काचेची वाटी पुसून झाली होती, फ्लोटची सुई नवी घातली होती. तरीही हा ट्रॅक्टर थोडा वेळ शहाण्यासारखा चाले, मग घसा बसल्यागत खोके आणि बंद पडे. जळगावच्या दुकानातून मोठ्या मिनतवारीने काढलेली रजा अशी एका लोखंडी पोटात विरत चालली होती.

त्याचे वडील, झिपरूनाना, ओट्यावर बसून पाहत होते. एके काळी ते मोहनलालशेठकडे हाच ट्रॅक्टर चालवत. शेतात डिझेलचे ट्रॅक्टर आले तेव्हा पेट्रोलवरचा हा जुना गडी शेठनी नानांकडेच राहू दिला. पुढे वस्तीतून बाबासाहेबांच्या जयंतीची पहिली मिरवणूक निघाली, तेव्हा गावात कुणी गाडी दिली नाही. त्या दिवशी प्रतिमेची ट्रॉली ओढली ती यानेच, आणि तेव्हापासून दरवर्षी यानेच. मागच्या वर्षी मात्र तो भर चौकात थांबला.

जयंती समितीचा भटू मोटारसायकल लावून आत आला. "नाना, मागला साल आठवस ना? बठ्ठा गाव ढकलत व्हता तुमना ट्रॅक्टरले. मना खांदा आजून दुखस."

"तुना खांदा ढोल वाजाडीसन दुखस," नाना म्हणाले.

भटू हसला, पण बसला नाही. "आज फाट्यापर्यंत जाईसन दखाडा. मधमा बंद पडना, ते मी भाडाना नवा ट्रॅक्टर सांगी टाकसू. पोरं आयकत नहीत, नाना. मी फाट्यावर उभा राहसू."

तो गेला. आकाशने जेट जागेवर बसवले. सांगून टाकावा नवा ट्रॅक्टर, असे त्याच्या मनात आले. मग दरवर्षी एप्रिलच्या उन्हात हे उघडणे नाही, हे फुंकणे नाही. त्या विचाराने त्याला क्षणभर हलके वाटले, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली. नाना आधीच चाकावर पाय देऊन चढत होते.

इंजिन धडधडत सुरू झाले. आकाश मडगार्डवर बसला. केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता तापलेला होता आणि नानांनी दरवर्षीप्रमाणे नव्याने दिलेल्या निळ्या रंगाचा वास उन्हात उकळत होता. दूर, फाट्यावर, भटूचा पांढरा सदरा ठिपक्याएवढा दिसू लागला. तेवढ्यात तोच ओळखीचा खोकला आला. एक, मग दुसरा, आणि मागोमाग शांतता. त्या शांततेत नाना स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले.

आकाश खाली उतरला. त्याने कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवली. पेट्रोलची धार यायला हवी होती. आले ते नुसते थेंब, तेही विचार करत पडल्यासारखे. टाकीत पेट्रोल आहे तरी का, हे बघायला त्याने वरचे टोपण फिरवले.

स्स् करून टाकीने श्वास घेतला, आणि खाली नळीतून जोरात धार सुटली.

आकाशने टोपण घट्ट लावले. धार हळूहळू बारीक होत थेंबांवर आली. सैल केले; धार पुन्हा मोठी. आता त्याला उमगले. घरी तपासताना हे टोपण दर वेळी उघडेच असे. मग दोष दिसणार कुठून? त्याने ते उलटे-सुलटे करून पाहिले. आत हवा जावी म्हणून टोपणाला सुईच्या टोकाएवढे भोक असते. ते भोक दिसतच नव्हते. त्यावर निळ्या रंगाचे थर होते, एकावर एक, किती जयंत्यांचे कोण जाणे.

त्याने पाठ वळवली आणि तारेच्या टोकाने भोक मोकळे केले.

"काय व्हतं?" नानांनी वरून विचारले.

"कचरा होता."

"दखाड."

आकाशने मूठ मिटली, पण ती उघडावीच लागली. तळहातावर रंगाचे पोपडे होते. नाना सीटवरून खाली वाकले.

"कचरा निळा राहस का रे?"

एवढ्यात भटूची मोटारसायकल शेजारी येऊन थांबली. "थांबनाच ना शेवटी, नाना. आते मी काय सांगू पोरेसले?"

आकाशने कारण सांगावे, तर वडिलांचा हात उघडा पडतो. न सांगावे, तर ट्रॅक्टर जातो. चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती, आणि इथे तर चार माणसेही नव्हती. तरी तो टोपणच बोटांत फिरवत राहिला.

नानाच बोलले. "गाडीना दोष नही, भटू. मी दर साल टोपणले रंग देत गऊ. तिना श्वास मीच बुजाडा."

भटूने टोपण हातात घेतले, भोकातून आभाळाकडे पाहिले. हसू आले होते, ते त्याने नानांच्या चेहऱ्याकडे पाहून गिळले. "चला मंग," तो म्हणाला, "आजून एक डाव."

नाना सीटवरून सरकले. "तू चालाड," ते आकाशला म्हणाले. "मना हात आते काम करत नही."

आकाशने नळी जोडली, टोपण घट्ट लावले आणि ट्रॅक्टर चालवला. खोकला आता येईल, मग येईल, अशी वाट पाहत त्याची मान ताठ झाली होती. मघाशी जेवढे अंतर चालून ट्रॅक्टर थांबला होता तेवढे पुन्हा मागे पडले, मग त्याहून जास्त. केळीची बाग संपली. फाटा आला, आणि इंजिन आपल्या जुन्या, कंटाळलेल्या, अखंड आवाजात चालतच राहिले.

"चौदा तारखलेबी हाऊच ट्रॅक्टर!" भटू मोटारसायकलवरून पुढे येऊन ओरडला आणि समितीच्या पोरांना सांगायला गावाकडे निघून गेला.

आकाशला आनंद होईल असे वाटले होते; झाली ती फक्त दंडांतल्या दुखण्याची जाणीव. नाना मडगार्डवर डोळे मिटून बसले होते.

"पुढला साल रंग तू दे," ते डोळे न उघडताच म्हणाले. "आनि मिरवणूकमा तूच बैस आठे."

सगळ्या गावासमोर, उंच सीटवर, एकट्याने बसण्याचे चित्र डोळ्यांपुढे येताच आकाशने स्टिअरिंग आणखी घट्ट धरले. "नाना, मी..."

"तुले ऐकू येस तिना श्वास," नाना म्हणाले. "माले आला नही."

रस्ता रुंद होता. आकाशने ट्रॅक्टर सावकाश गावाकडे वळवला आणि नाना घसरू नयेत म्हणून एक हात त्यांच्या पाठीमागे ठेवला.