रानडुकराची जाळी अन् पाच बोटांचं पाऊल

दिवस उगवायच्या आत तुळसाबाईच्या आवारात अर्धं गाव गोळा झालं होतं. खुराड्याच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं. जाळी फाटलेली नाही, खालची माती उकरलेली नाही. आणि आत पुन्हा दोन कोंबड्या पडलेल्या. धड शाबूत, मुंडकी गायब!

"कुलूप न उघडता मुंडकं नेते म्हंजे हे साधं काम हाय काय गा?" कोणीतरी पुटपुटलं. बायकांनी पदर तोंडाला लावले.

बंधनबाबा मात्र रंगात आला होता. महिन्याभरापूर्वी हा बाबा मोटारसायकलवरून भिवापूरकडून आला आणि गावातच मुक्काम ठोकून बसला. खुराड्याभोवती राख त्यानेच पसरायला लावली होती. त्या राखेत आता इवलीशी पावलं उमटली होती.

"पाहा, डोळे फाडून पाहा!" बाबा गरजला. "कुत्र्या-मांजराचे चारच बोटं उमटतात. हे पाच! हे लेकराचं पाऊल हाय. पोळ्याच्या दिवशी ज्याले तुम्ही मातीत ठेवलं, त्याचं. त्याले मायचं दूध नाही भेटलं, म्हणून रगत पिऊन राहिलं."

सगळ्यांच्या माना गोपिकेकडे वळल्या. ती तुळसाबाईची सून. तिचं पहिलं लेकरू जन्मलं आणि घटकाभरात गेलं. तिने मान खाली घातली. तिचा नवरा सुशील नखाने भिंतीचा पोपडा काढत राहिला.

लोकांचा बाबावर विश्वास बसायला कारणही होतं. मागच्या आठवड्यात त्याने खुराड्याला काळं वस्त्र गुंडाळलं, मंत्र पुटपुटला, आणि तीन रात्री एकही पाखरू मेलं नाही. मग "वस्त्राची मुदत सरली" म्हणून ते सोडून नेलं आणि नुसता लाल दोरा बांधून ठेवला. मेलेल्या कोंबड्या घरात शिजवायच्या नाहीत, असा त्याचा हुकूम होता. त्यांचं 'विसर्जन' तो स्वतः करी, आपल्या झोपडीमागे. विसर्जनाच्या दिवशी तिकडून मिरचीच्या फोडणीचा ठसका येई. पण विचारणार कोण?

"उद्या अमावस्या," बाबा म्हणाला. "उद्याचा दिवस बुडायच्या आत मायले माहेरी धाडा. कायमचं. नाही तं पुढचं मुंडकं पाखराचं नसन." आणि त्याने सुशीलकडे पाहिलं.

तुळसाबाई किंचाळलीच. "आयकलं नाही काय वं? बांध आपलं गाठोडं! माह्या पोराच्या जिवावर उठली!"

माहेर म्हणजे रामटेकचा भाऊ. त्याच्या बायकोने बाळंतपणालाही हिला दारात उभं केलं नव्हतं. गोपिकेला जायला या जगात जागा नव्हती.

गर्दी पांगली. ती एकटीच राखेजवळ बसली. खरं सांगायचं तर तिलाही वाटलं होतं, असेल माझंच लेकरू. भुकेलं असेल. आलं असेल मायला शोधत. तिने हात त्या पावलावर ठेवला आणि लगेच मागे घेतला. प्रत्येक बोटापुढे एक बारीक टोचा होता. सुईने टोचल्यासारखा.

ती तशीच अनवाणी पळाली. पलीकडच्या गल्लीत अपेक्षा कोंबड्यांना लस टोचत होती. अपेक्षा म्हणजे पशुसखी. गावोगाव फिरून कोंबड्या-बकऱ्यांचं औषधपाणी पाहणारी पोरगी.

अपेक्षाने खुराडं चहूबाजूंनी पाहिलं. जाळीच्या तारेवरून दोन करडे केस काढले. "ही जाळी कुठची जी, सुशीलभाऊ?"

"वावरातली," सुशील जरा ऐटीत म्हणाला. "मिरचीत रानडुक्कर घुसे. या जाळीनं डुक्कर थांबलं. उरली तिचं खुराडं केलं. डुकराले नाही तुटत, तं दुसऱ्या कोणाले तुटन?"

"आधी बांबूचं, शेणामातीनं लिपलेलं होतं ना? तवा मरे काय एखादी?"

"नाही," सुशील जाळीच्या भोकात बोट घालत म्हणाला.

अपेक्षा गोपिकेच्या कानाशी लागली. "नुसतं सांगून गाव आयकत नाही. दाखवा लागन. सारे कोंबड्या-बदकं एका बाजूले कोंड, अन् ती बाजू जाड कपड्यानं झाक. दुसरी बाजू रिकामी ठेव, नुसता बाबाचा दोरा राहू दे. तिथं आतून एक मासोळी बांध."

"पण सारंच झाकलं तं?"

"मंग बाबा म्हणन, माह्या दोऱ्यानं वाचवलं."

झाकायला कपडा कोण देणार? गोपिकेने आपलं बाळंतपणातलं लुगडं काढलं. विटाळाचं म्हणून सासूने गोठ्यात टाकलेलं. दिवस मावळताना तेच तिने जाळीला घट्ट शिवलं आणि भोवतालची राख पुन्हा सारखी केली.

सकाळी पुन्हा गाव जमलं. लुगड्यामागे कोंबड्या-बदकं कलकलत होती, एकही कमी नव्हतं. लुगड्यावर बाहेरून नखांचे ओरखडे होते. दोऱ्याच्या बाजूला मासोळीचं फक्त शेपूट लोंबत होतं. राखेत पुन्हा तीच पाच बोटं.

"बाटवलं!" बाबा ओरडला. "विटाळाचं लुगडं लावलं!"

"विटाळाच्या लुगड्यानं पाखरं वाचले बाबा," अपेक्षा म्हणाली, "अन् तुमच्या मंतरलेल्या दोऱ्यानं मासोळी नाही वाचली!"

गर्दीत हशा पिकला. अपेक्षाने एक अंडं घेतलं आणि जाळीच्या भोकातून अलगद आत सरकवलं.

"ज्या भोकातून अंडं जाते, त्यातून पंजा नाही जाणार? कोंबडी जाळीले टेकून झोपते. बाहेर खुडबुड झाली का घाबरून मान बाहेर काढते. मुंडकं धरलं का ओढलं. धड भोकातून निघत नाही, म्हणून आतच राहते. हे उदमांजराचं काम हाय. रातचं फिरणारं जनावर, नाव मांजराचं, पण त्याले पाच बोटं असतात. तीन रात्री बाबाच्या वस्त्रानं पाखरं वाचले, तं ते मंत्रानं नाही. आडोशानं!"

"बायांच्या गोष्टी आयकून राहिले तुम्ही? मी बाळाचा आत्मा डोळ्यानं पाहिला!"

तेव्हा गोपिका पुढे आली.

"मी माह्या लेकराचे नखं पाहिले हायेत बाबा. घटकाभर तेच पाहत होती मी. कागदावाणी मऊ होते. मातीत रुतणारे नव्हते." तिने राखेतल्या पावलाकडे बोट दाखवलं. "त्याले चोर नका म्हणू. त्यानं कोणाचं काहीच नाही नेलं."

बाबा मोटारसायकलकडे सरकला तेव्हा मागून कोणीतरी टोमणा मारला, "आता विसर्जन बंद काय गा, बाबा?" पण यावेळी फार कोणी हसलं नाही.

दुपारपर्यंत सुशीलने बारीक भोकांची जाळी आणली. बोटही आत जाणार नाही अशी. खालची कड हातभर बाहेर वळवून मातीत पुरली, म्हणजे उकरणारा अडतो. वरूनही जाळी ताणली. तुळसाबाई तारेचं टोक धरून उभी होती; गाठोड्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. सुनेकडे पाहायची तिची हिंमत होत नव्हती, आणि गोपिकेनेही आपणहून तिच्याकडे पाहिलं नाही.

बाबांनो, बायांनो, जनावर भुकेनं येतं आणि भोकातून येतं. त्याला मंत्र कळत नाही, दोरा दिसत नाही. तुमच्या खुराड्यात पाखरू मेलं तर आधी जाळीचं भोक मोजा. घरातल्या दुःखी बाईकडे बोट दाखवणारा कोणी आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.