पेनीचे दोन अर्ज

माझा धाकटा भाऊ पेनिआमिना पाळण्यात होता तेव्हाच बाबांनी ठरवून टाकलं होतं, की हा आपल्यामागे पाळक होणार. बाबा सवाईई बेटावरच्या आमच्या गावाचे पाळक. चर्चला लागूनच आमचं घर, समोर समुद्र. पेनीने बाबांच्या इच्छेखातर चार वर्षं ईश्वरविज्ञान शिकून पदवी घेतली आणि मग स्वतःच्या इच्छेखातर शेतकीची. दोन्हींत पहिला वर्ग. ‘आता तू नक्की काय होणार?’ असं कुणी विचारलं, की म्हणायचा, ‘आत्ता तरी जेवणार.’

शेतकीनंतर तो पलीकडच्या बेटावर, राजधानी आपिआला, शेतीखात्यात लागला. दर शनिवारच्या बोटीने घरी यायचा. मी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. शनिवारी दुपारी मी धक्क्यावर उभी राहायचे आणि बोटीच्या कठड्याशी त्याचा हडकुळा हात आधी दिसायचा. आता ती बोट नाही, नवी आहे, मोठी. पण शनिवार आला की माझे पाय अजून तिकडे ओढतात.

त्र्याण्णव साली अळूवर करपा आला. पानावर आधी तांबूस ठिपका, मग भोवती पाणचट कड आणि आठवड्याभरात पान कुजून लोंबायचं. आमच्याकडे अळकुडीशिवाय, अळूच्या कंदाशिवाय, ताट पुरं होत नसे. लग्न असो, मयत असो, पाहुणा असो, आधी भट्टीतल्या गरम दगडांवर भाजलेली अळकुडी, मग बाकीचं. ते वर्ष सरेपर्यंत वाफे ओस पडले. आम्ही केळी, नीरफणस आणि विकतचा भात खाऊ लागलो. बाबा त्या वर्षी दर रविवारी, सगळं गमावूनही देवाला न सोडणाऱ्या ईयोबाच्या ग्रंथावर बोलत. पेनी शनिवारी बोटीतून उतरला की घरीही न येता थेट शेतात जायचा. लोकांबरोबर कुजकी पानं खुडायची, जाळायची, आणि एकेका म्हाताऱ्याला समजावत बसायचं, की यात तुमची चूक नाही.

पंचाण्णवच्या जूनमध्ये त्याने माझ्यासमोर दोन अर्ज ठेवले. एक शेजारच्या देशातल्या सुवाचा, ईश्वरविज्ञानातल्या पुढच्या पदवीसाठी. दुसरा होनोलुलूचा, पिकांच्या नव्या जाती तयार करण्याच्या शिक्षणासाठी.

“ताई, तपासून दे. माझं इंग्रजी लंगडं आहे.”

“दोन्हीकडे?”

“दोन्हीकडे.”

दोन्ही अर्जांत एकच प्रश्न होता: हाच विषय का? एक पान लिहा. सुवाच्या पानावर त्याने आमच्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहिलं होतं. तिच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणताना आपल्या आवाजाने तिचा श्वास शांत होतो हे त्याला जाणवलं होतं, आणि तेव्हापासून हेच काम करावंसं वाटतं, असं. होनोलुलूच्या पानावर एका शेतकऱ्याबद्दल. सगळा वाफा मेला होता आणि एकच रोप डागाशिवाय उभं होतं. तो शेतकरी त्या रोपापाशी उकिडवा बसून होता, उपटू देईना. ‘हे एकच का वाचलं, हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही,’ असं शेवटी होतं.

“पेनी, दोन्ही खरं कसं असेल रे?”

“यातलं जे वाक्य खोटं वाटेल त्याच्यावर खूण कर. मी खोडतो.”

मी बराच वेळ लाल पेन हातात धरून बसले. शेवटी स्पेलिंगच्या सहा चुका दुरुस्त केल्या आणि पानं परत दिली.

सुवाच्या अर्जाला गावच्या पाळकाचं शिफारसपत्र लागत होतं. म्हणजे बाबांचंच. त्यांनी ते त्याच संध्याकाळी लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी गावभर सांगून आले. होनोलुलूचं त्यांना माहीत नव्हतं.

“सांग त्यांना,” पुढच्या शनिवारी पेनी आला तेव्हा मी म्हटलं.

“अगं, आई गेल्यापासून इतके खूश पाहिलेत का कधी? मी कुठल्या तोंडाने सांगू?”

“माझ्या तोंडाने सांगू का मग?”

“नको. तू मास्तरीण, तू फार स्पष्ट सांगशील.”

रविवारी चर्च भरलं होतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बाबांनी लोकांना उभं राहायला सांगितलं. “माझा मुलगा सुवाला जाऊ पाहतोय. आज सगळ्या गावाने त्याच्यासाठी मागणं मागू या.” लोकांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात गायकांच्या मागच्या रांगेतून पेनीने वर्गात करतात तसा हात वर केला.

“बाबा, एक मिनिट. मी दोन अर्ज केलेत. दुसरा होनोलुलूला, अळूसाठी. गावाला अर्धंच सांगून मला प्रार्थना घ्यायची नाही.”

हातपंखे थांबले. बाबांचा चेहरा मी पाहिला नाही, माझी हिंमत झाली नाही. मग पहिल्या बाकावरून सिएनीआजीचा आवाज आला. ऐंशीच्या पुढची बाई, कानाने कमी, त्यामुळे जे बोलायची ते सगळ्यांना ऐकू जायचं.

“त्यातला अळूचा कुठला? मी त्याच्यासाठी मागते. प्रवचनाला तुझा बाप अजून धडधाकट आहे!”

सगळं चर्च हसलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “प्रभू, दोन्ही अर्ज तुझ्यापुढे आहेत. आमेन.” एवढी छोटी प्रार्थना त्यांनी जन्मात केली नव्हती.

त्या दुपारी जेवताना ते फक्त ‘मीठ दे’ एवढंच बोलले. पेनी पडलेल्या चेहऱ्याने बोटीला गेला. बुधवारी बाबा शाळेत आले आणि टाइपरायटर मागितला. दोन बोटांनी दुपारभर खुडखुडत बसले. मग कागद माझ्या हाती दिला. “सुवाचं आधीचं पत्र फाडलं. हे टपालात टाक. आणि स्पेलिंग बघ.”

मी वाचलं. ‘करपा आला त्या वर्षी मी लोकांना ईयोबाची गोष्ट सांगत होतो आणि माझा मुलगा त्यांच्याबरोबर कुजकी पानं गोळा करत होता. लोकांना धीर कुणी दिला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही त्याला घेतलंत तर मला आनंद होईल. नाही घेतलंत तर माझ्या गावाला होईल.’

“बाबा, हे वाचून ते त्याला घेणार नाहीत.”

“नाही घेतलं तर नाही. खरं ते लिहिलं.”

पण सुवाने त्याला घेतलं. वर तिथल्या प्राचार्यांनी हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या, की वडिलांचं पत्र आम्ही सगळ्यांनी एकत्र बसून वाचलं, असा मुलगा आम्हाला हवा. आणि पुढच्याच बोटीने होनोलुलूचंही ‘या’ आलं.

त्या शनिवारी पेनी बाबांसमोर मांडी घालून बसला. “मी सुवाला जातो, बाबा. मी ठरवलंय.”

“कुणासाठी?”

पेनी चटईचा धागा उसवू लागला.

“माझ्यासाठी ना?” बाबांचा आवाज चढला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. “माझ्यासाठी एकदा गेलास, चार वर्षं! पुरे झालं. आता माझ्या नावावर काही ढकलू नकोस. तुला काय हवंय ते तू बोल!”

पेनी रडायला लागला. एकोणतीस वर्षांचा बाप्या, लहान पोरासारखा मनगटाने नाक पुसत होता. “मला दोन्ही हवंय, बाबा.”

बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. मग एकदम मऊ झाले. “हो रे. ते दिसतंय. पण विमान एकाच गावाला जातं.”

तो होनोलुलूला गेला. धक्क्यावर बाबांनी त्याच्या हातात भाजलेल्या नीरफणसाची टोपली दिली. “तिकडे उतरल्यावर हे काढून घेतात, बाबा,” पेनी म्हणाला. “मग विमानात खा. शेजारच्यालाही दे,” बाबा म्हणाले. बोट दिसेनाशी झाली तरी ते निघेनात. उन्हात उभे होते, काळा कोट घालून.

सुवाची जागा अर्थातच गेली. पुढे पेनीने तिकडे कधी अर्ज केला नाही. त्याला त्याची हुरहूर होती का, हे मी एकदाच विचारलं. म्हणाला, “असते अधूनमधून. रविवारी जास्त.”

तीन वर्षांनी परत आला आणि शेतकऱ्यांना हाताशी धरून अळूच्या जाती एकमेकींशी जुळवून नव्या काढत राहिला. कित्येक मेल्या. करप्यापुढे टिकणारी पहिली अळकुडी आमच्या भट्टीतून निघाली तोवर बाबांच्या हाती काठी आली होती. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.

“कशी आहे?” पेनीने विचारलं.

“अळकुडी आहे.”

“जुनीसारखी?”

बाबांनी सावकाश चावलं. “नाही. जुनी ती जुनी. वाढ अजून एक.”

आमची ती जुनी चव परत आलीच नाही. माझ्या शाळेतल्या मुलांना ती माहीतही नव्हती. त्यांना मी सांगायला जायचे आणि मला शब्द सापडायचे नाहीत.

त्या दिवशी जेवण झाल्यावर बाबा पेनीबरोबर मागच्या वाफ्यात गेले. मी खिडकीशी भांडी पुसत होते. बाबा प्रत्येक ओळीशी थांबायचे, काठीने दाखवून त्या जातीचं नाव विचारायचे, आणि पुढच्या ओळीशी पोचेपर्यंत ते विसरलेले असायचे. पेनी पुन्हा सांगायचा. ऊन उतरेपर्यंत दोघांचं तेच चाललं होतं.