आंब्याखालच्या खुर्च्या

माझ्या धाकट्या भावाला, एलुरूला, मी स्वतःच्या हातानं त्या खुर्चीवर बसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझी समजूत घालायला येऊ नये.

त्याचं लिव्हर गेलं होतं. कुमी गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरनं त्याच्या पोटातलं पाणी काढलं आणि मला बाजूला घेऊन बजावलं, "आता एक घोट जरी गेला तरी माणूस हाती लागायचा नाही." घरी आले आणि त्याची आजोन प्यायची लांब नळी मी चुलीत घातली. आमच्याकडे आंबवलेल्या नाचणीवर गरम पाणी ओतून केलेली ही दारू एकाच मडक्यातून सगळे पितात, पण नळी ज्याची त्याची. पुरुषाच्या नळीला बायकोसुद्धा हात लावत नाही. एलुरू नुसता बघत होता. म्हणाला, "नीट जाळ गं ताई. अर्धी राहिली तर वाकून पिईन मी." आम्ही दोघंही हसलो.

एकोणीस दिवस त्यानं थेंब घेतला नाही. हातात कप धरवत नव्हता, मी लहान मुलासारखी पेज भरवायची, आणि वर त्याच्याच शिव्या खायची.

मग दवाखान्यातल्या नर्सनं, आन्यायितनं, मला बैठकीचं सांगितलं. तिचा नवरा पिऊनच गेला होता. "रविवारी तीन वाजता, गिरणीमागं आंब्याखाली. दारू सोडलेली माणसं गोल बसतात, एकेक जण आपलं सांगतो. त्याला पोचव आणि निघून जा गं आसेकेन्ये. घरचं माणूस समोर असलं की कुणी खरं बोलत नाही."

रविवारी गिरणीपाशी उतरलो. दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठंय, एवढंच विचारायचं होतं, पण माझी जीभ रेटेना. अख्ख्या बाजारात माझी गिऱ्हाइकं, मी त्यांचे कपडे शिवते. मेली माझी लाज! भुईमूगवालीला विचारलं, "इथं आंब्याखाली माणसं गोल बसतात, ती कुठं?"

"ती होय? त्या भिंतीमागं. रोजच असतात की!"

ते 'रोजच' माझ्या कानावरून गेलं. भिंतीमागं दहा-बारा पाठमोरी माणसं खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसली होती. एक म्हातारा उभा राहून काहीतरी सांगत होता आणि बाकीचे मान डोलवत होते. मला ते अगदी आन्यायितनं सांगितल्यासारखंच दिसलं.

"या पाव्हणं, या! सरका रे जरा," म्हाताऱ्यानं हाक दिली. कुणीतरी खुर्ची ओढली. मी एलुरूला बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि वळले. चालताना रडत होते, आनंदानं. मागं वळून पाहिलं नाही.

पाच वाजता परतले तर रस्त्यावर आन्यायित उभी.

"अगं, होतात कुठं? दोन तास वाट बघितली आम्ही."

"म्हणजे? तो बसलाय की तिकडं, भिंतीमागं."

तिचा चेहरा पडला. "ती जुनी गिरणी गं. आमची शाळेपलीकडची, नवी. अरे देवा, मी नीट सांगितलंच नाही तुला."

मी धावले. एलुरूच्या तोंडात कुणाची तरी नळी होती. माणसांच्या पाठींआड राहिलेलं मधलं मडकं आता कुठं मला दिसलं.

"बसताक्षणी उठला का नाहीस रे मेल्या?" मी सगळ्यांदेखत ओरडले.

"कसा उठू? दारू विकणाऱ्या मालकिणीनं नळी आधी स्वतः ओढून दाखवली, मग माझ्या हातात दिली. तशीच परत केली असती तर तू विष घातलंस म्हटल्यासारखं झालं असतं. दहा माणसांत बाईचं नाव घालवू?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि खरं सांगू ताई? फार बरं वाटलं गं. तुला काय झालंय, असं इथं कुणी विचारलं नाही."

आन्यायित त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. "उद्या माझ्याकडे ये. एकदा पडलास म्हणून कुणी दार लावत नाही. मी चहा ठेवते." त्यानं मान हलवली. येणार होता तो, मला माहीत आहे. पण रस्त्यानंच त्याला रक्ताची उलटी झाली. बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर चालकाच्या आणि माझ्या मधे धरून नेला त्याला. दवाखान्याच्या फाटकाशी त्याची मान माझ्या खांद्यावर पडली, ती मग उचललीच नाही.

पुरायच्या दिवशी अंगणात माणसं जमली. कुदळी भिंतीला टेकवलेल्या, पण खणणाऱ्यांना आधी आजोन द्यायची आमची रीत, त्याशिवाय कुणी हात लावेना.

"खणणाऱ्यांना मडकं कुठंय?" चुलत्यांनी विचारलं.

"काका, त्यानंच मेलाय तो."

"मग काय त्याला कोरडाच पुरायचा? कुत्रं पुरतात तसा?"

दुपार टळली, ऊन उतरलं, तरी कुदळ हलली नाही. प्रेत आत, आणि बाहेर सगळे माझ्याकडे बघत बसलेले. आन्यायित म्हणाली, "नको देऊस. आपण दोघी खणू." आम्ही खणलंही, गुडघाभर. खाली खडक लागला.

शेजारणीकडं आंबवलेल्या नाचणीचं तयार मडकं होतं, ते मी आणवलं. पाणी मीच तापवलं आणि माझ्याच हातानं त्यात ओतलं. मग उठले सगळे. खड्डा मात्र चांगला खोल खणला त्यांनी.