गुरुपादप्पांची ओरिजिनल गाडी

नायब तहसीलदार म्हणून रिटायर होईपर्यंत गुरुपादप्पांनी आयुष्यात एक काम मन लावून केलं : कागदावर 'सत्यप्रत' असा शिक्का मारून खाली सही ठोकली. 'मूळ कागद दाखवा,' असं ते प्रत्येकाला दरडावत आणि समोरच्यानं पिशवीत हात घालेपर्यंत शिक्का मारून मोकळे होत. इतक्या वर्षांत एकदाही तक्रार आली नाही. त्यामुळे खरं-खोटं आपल्याला नुसत्या नजरेनं कळतं, असा त्यांचा पक्का समज झाला होता. उदगीरचाही झाला होता.

रिटायर झाल्यावर ही नजर दारातल्या अँबॅसिडरवर येऊन स्थिरावली. गाडी वडिलांची, म्हणजे अप्पांची. मोंढ्यात धान्याची आडत जोरात होती तेव्हा घेतलेली, चौऱ्याऐंशी सालची, डिझेलवरची, सायीच्या रंगाची. अप्पा गेले, आडत बंद झाली, गाडी तेवढी राहिली. "एक नटसुद्धा बदललेला नाही," गुरुपादप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बोनेट मात्र त्यांनी जन्मात कधी उघडलं नव्हतं. बोनेटला हात लावायचा तो फक्त निवृत्ती मिस्त्रीनं, असा अप्पांचा दंडकच होता. देगलूर रोडवर निवृत्तीचं पंप-नोझलचं दुकान. तालुक्यातल्या ट्रॅक्टरांचे डिझेल पंप चाळीस वर्षं त्याच्या हाताखालून जात होते. तर गुरुपादप्पा रोज सकाळी गाडी बाहेरून पुसायचे, आतलं निवृत्ती बघायचा, आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

मग लातूरला जुन्या गाड्यांचा मेळावा ठरला. सगळ्यांत अस्सल गाडीला पितळी पाटी मिळणार होती. संयोजकांपैकी सोमेश नावाचा एक दातांचा डॉक्टर तपासणीला घरी आला. त्याचा सगळा अभ्यास मोबाइलवरचा. बोनेट उघडून तो एकेक भाग मोबाइलमधल्या फोटोशी ताडू लागला आणि पहिल्याच भागाशी थबकला.

"काका, हा डिझेल पंप ह्या गाडीचा नाही."

"म्हणजे?"

"इंजिनात डिझेल ढकलतो ना, तो पंप. अँबॅसिडरचा असा नसतो. कुणीतरी बदललाय."

एवढ्यात गुरुपादप्पांच्या बायकोनं, उज्वलाबाईंनी, चुरमुऱ्यांचा गरम सुशीला आणला आणि तपासणी पंपाच्या पुढं गेलीच नाही. गेली असती तर बरं झालं असतं. पण उज्वलाबाईंच्या हातचा सुशीला समोर आल्यावर इंजिनात कोण डोकं घालतो?

गुरुपादप्पा तडक देगलूर रोडला गेले. दुकानासमोरच सटवाजीचं हॉटेल. पाच-सहा ट्रॅक्टरवाले चहा पीत बसले होते. निवृत्ती सत्तरीचा, डिझेलमध्ये हात बुडवून नोझल धूत होता.

"निवृत्ती, आमच्या गाडीचा पंप कुठं विकलास?"

निवृत्तीनं वर बघितलं. "हाय तो मीच बसवला, साहेब. बरोबर हाय. काढू नका."

"आणि मूळचा?"

निवृत्तीनं नोझल पुन्हा डिझेलमध्ये बुडवलं.

"चोर आहेस तू," गुरुपादप्पा म्हणाले. चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले.

नायब तहसीलदारांनी सही केली म्हणजे कागद खरा. पुढच्या पंधरा दिवसांत ट्रॅक्टरवाले आपापले पंप गोणपाटात बांधून लातूरला नेऊ लागले. चाळीस वर्षं ज्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही तो माणूस चोर ठरला, आणि मूळ कागद दाखवा असं कुणीही म्हटलं नाही. निवृत्तीच्या दुकानात माशा घोंगावू लागल्या. गुरुपादप्पांना त्याचं समाधान वाटलं, हे इथं सांगितलंच पाहिजे.

हैदराबादच्या भंगारबाजारातून त्यांनी अँबॅसिडरचा अस्सल पंप मिळवला. टॉवेलात गुंडाळून, नातवाला झोपवावं तसा मागच्या सीटवर ठेवला आणि तो बसवायला नांदेड गाठलं. तिथं आनंदराज नावाचा पंपवाला हुशार आहे, असं ऐकलं होतं. आनंदराजनं आणलेला पंप बघितला, बोनेटखाली बॅटरीचा उजेड टाकून बघितलं, आणि हसू दाबायचा प्रयत्न केला. तो काही त्याला जमला नाही.

"साहेब, जुना पंप बरोबरच हाय की. इंजिन दुसरं हाय."

"काय?"

"हे मॅटाडोर टेम्पोचं इंजिन हाय. पंप त्याचाच हाय, जोडीचा. तुमी आणलेला ह्याला जन्मात बसनार न्हाई." मग तो आदरानं आत वाकला. "मॅटाडोरचं इंजिन अन् अँबॅसिडरचा गिअरबॉक्स, मधी ही पट्टी बघा. हातानं घडवलेली. उदगीरच्या निवृत्तीमामांचं काम हाय. ते आपल्या हर कामावर तारीख ठोकतेत. ही काय, सतरा पाच चौऱ्याण्णव."

गुरुपादप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा बोनेटखाली डोकं घातलं आणि ती तारीख वाचली.

चौऱ्याण्णवचा मे. त्या महिन्यात ते मित्रांना घेऊन लातूरला गेले होते. परतताना नळेगावजवळ इंजिन तापल्याचा काटा लाल खुणेवर चढला. मित्र म्हणाले, थांब, पाणी टाकू. गुरुपादप्पा म्हणाले, काटा बिघडलाय. इंजिन ठणठणीत आहे, बघूनच कळतं. त्यानंतर दोन-तीन मैल गेल्यावर धूर काढून जी गाडी थांबली ती ट्रॅक्टरला बांधूनच घरी आली. अप्पा एका शब्दानं रागावले नाहीत. आठवड्यानं गाडी दारात परत उभी होती. "नळी तुंबली व्हती. निवृत्तीनं काढली. तू परीक्षेचं बघ," एवढंच ते म्हणाले. परीक्षा तोंडावर होती. त्या परीक्षेनं नोकरी दिली आणि नोकरीनं शिक्का.

नांदेडपासून उदगीरपर्यंत इंजिन एकदाही अडखळलं नाही. गुरुपादप्पांना शरम वाटत होती, आणि इतकी चांगली चालणारी गाडी त्यांना पहिल्यांदाच नकोशी झाली होती. पितळी पाटीची त्यांना आठवणही राहिली नाही. घरी न जाता त्यांनी गाडी थेट निवृत्तीच्या दुकानापुढं लावली आणि बोनेट उघडलं. हॉटेलात तेच पाच-सहाजण बसले होते. निवृत्ती बाहेर आला. उघडं बोनेट बघून त्याला काय ते समजलं.

"अप्पांनी सांगितलं होतं?" गुरुपादप्पांनी हळू विचारलं.

"हाव. म्हनले, इंजिन आपल्या हातानं जळालं कळलं तर पोरगं जिवाला लावून घेईल, परीक्षा हाय त्याची. कुनाला बोलू नको. मी हाव म्हनलो."

"अहो, अप्पांना जाऊन अठरा वर्षं झाली! मी चोर म्हटलं तेव्हा तरी बोलायचं तुम्ही!"

निवृत्तीला ते 'तुम्ही' ऐकून जरा अवघडल्यासारखं झालं. "अप्पांना हाव म्हनलो व्हतो न्हवं," तो म्हणाला. "बोनेट लावा साहेब. लोकं बघून राहिले."

पण गुरुपादप्पांना आता लोकांनीच बघायला हवं होतं. ते हॉटेलाकडं वळले आणि चोर म्हणताना लावला होता तसाच खणखणीत आवाज लावून म्हणाले, "ऐका सगळे! ह्या गाडीचं इंजिन मी जाळलं होतं. मी, माझ्या हातानं. निवृत्तीमामांनी काही चोरलं नाही. उलट तीस वर्षं माझी लाज राखली."

मग सटवाजीनं खांद्यावरचा टॉवेल काढला, एक खुर्ची पुसली आणि गहिवरून म्हणाला, "साहेब, मन लई मोठं तुमचं."

"चोरालाबी पाठीशी घालून राहिले," एक ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"वय झालं त्याचं, म्हनून इज्जत राखली. असा साहेब न्हाई व्हायचा."

"अरे, मी खरं सांगतोय!" गुरुपादप्पा ओरडले. "शपथेवर सांगतो!"

"बघा, शपथबी घेऊन राहिले त्याच्यापायी," दुसरा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

गुरुपादप्पांनी तारीख सांगितली, नळेगाव सांगितलं, पट्टी दाखवतो म्हणाले. कुणी जागचं उठलं नाही. साहेब म्हणतात तर बघायची काय गरज? जितकं ते सांगत गेले तितके ते थोर होत गेले. सटवाजीनं त्यांच्यापुढं कपबशीतला स्पेशल चहा ठेवला आणि निवृत्तीसाठी कागदी कप रस्त्याकडेच्या दगडावर ठेवला.

गुरुपादप्पा त्या दोन कपांकडं बघत उभे राहिले. त्यांना बसवेना.

निवृत्तीनं चिंधीला हात पुसले, गाडीजवळ जाऊन बोनेट लावलं.