पाहुण्याची गोधडी

माघातली दुपार होती. भाताची झोडणी आटपून महिना झाला होता आणि सारवलेलं खळं रिकामं पडलं होतं. त्यावर ज्ञानेश्वर शाळेतून मागून आणलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारत होता. कुंपणापलीकडून चंद्रकलाकाकी बघत उभ्या राहिल्या.

"काय रे ज्ञाना, कबड्डी ठेवलीस का काय?"

"कबड्डी नाय काकी. जहाज हाय."

काकींनी कपाळाला हात लावला आणि ही बातमी गावभर करायला त्या ताबडतोब निघाल्या.

पण ते जहाजच होतं, म्हणजे जहाजातली एक खोली. शहापूरच्या बाजारात ज्ञानेश्वरचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात त्याने पंखे असे काही खपवले की पंख्यांच्या कंपनीने खूश होऊन बक्षीस दिलं. मोठ्या जहाजातून मुंबई ते गोवा आणि परत, दोन रात्री, चार खाटांची एक खोली. बारा वर्षांखालचं एक मूल कुणाच्या कुशीत झोपणार असेल तर चालेल, असं पत्रकात बारीक अक्षरांत लिहिलं होतं. माणसं पाच होती. तो स्वतः, बायको नम्रता, दहा वर्षांची वैष्णवी, सहा वर्षांचा हर्षित आणि आई सकुबाई. पत्रकात खोलीचा नकाशा मापांसकट छापला होता. सोळा फूट लांब, नऊ फूट रुंद, दोन खाटा खाली, दोन भिंतीतून वर उघडणाऱ्या. ज्याने आयुष्यभर तारा मोजून कापल्या तो माणूस असल्या गोष्टी नशिबावर कशा सोडणार? त्याने रंगीत तालीम घ्यायची ठरवली.

"आणि वरच्या खाटांवर कुणी, कसं झोपायचं?" नम्रताने विचारलं. ती वैशाखऱ्याची. तिच्या माहेरी सगळ्यांच्याच जिभेला धार. "आंब्यावर चढू का?"

वरच्या खाटांसाठी त्याने ओटीवरचं टेबल आणलं आणि शेजारी बैलगाडी लावली. टेबलावर वैष्णवी झोपली. गाडीवर तो स्वतः आडवा झाला. खाली फक्कीच्या दोन चौकटी होत्या, प्रत्येकी सव्वादोन फूट रुंद. एकीत नम्रता आणि तिला चिकटून हर्षित, दुसरीत सकुबाई.

गाडीवरून ज्ञानेश्वरने खाली पाहिलं. आईने चौकट अर्धीच घेतली होती. ती अगदी रेघेवर एका कुशीवर झोपली होती, साडीचा पदर फक्कीत लोळत होता. भिंत धरली होती त्या बाजूची उरलेली हातभर जागा तिने मोकळी ठेवली होती.

त्या घरात रोज रात्री असंच व्हायचं. सगळ्यांची अंथरुणं पडली की सकुबाई स्वतःच्या शेजारी भिंतीकडे आणखी एक गोधडी अंथरायची. सकाळी सगळ्यात आधी तीच घडी करायची. मुलं तिला पाहुण्याची गोधडी म्हणायची. घरात खराच पाहुणा आला तरी त्याला ती मिळायची नाही, त्याला दुसरी. मुलांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण ती जन्मली तेव्हापासून ते तसंच चाललं होतं. नम्रताने लग्नानंतर एकदा विचारलं होतं, तेव्हा ज्ञानेश्वर पाठ वळवून झोपला होता. पुढे तिला हकीकत गावातून कळली, पण ती अर्धीच. उरलेली अर्धी गावाला माहीतच नव्हती.

ज्ञानेश्वर आठ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. धरणात नुकतंच पाणी साठायला लागलं होतं आणि जुना रस्ता बुडाला होता. पलीकडच्या काठाला मावशीकडे हळद होती आणि न्यायला मंगळूची होडी होती. बाप कोंडू, आई, आजी, आत्या, अकरा वर्षांची काशी आणि तो. मंगळू म्हणाला, होडी पाचांची आहे, सहावा घेतला तर सगळेच मावशीकडे न जाता यमाकडे जाऊ, एक पोर मागे ठेवा, अर्ध्या तासात परत येतो. आधी ज्ञानेश्वरलाच उतरवत होते. त्याने असा काही टाहो फोडला की काशी हसली आणि स्वतःच टुणकन काठावर उतरली. "त्याला न्या गो आये. मी पुढल्या खेपेला येते." त्याच काठावर ती रोज एकटी शेरडं चारायची, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मंगळू परत आला तेव्हा काठावर एका दगडावर तिच्याकडे राहिलेलं आहेराचं गाठोडं नीट ठेवलेलं होतं. काशी नव्हती.

तीन दिवस पाण्यात गळ टाकले. रान पालथं घातलं. सिद्धगडाकडच्या भगताला विचारलं, तर तो म्हणाला, पोर पाण्यातही नाही आणि रानातही नाही. एवढं सांगून त्याने डोळे मिटून घेतले आणि नारळही परत केला. काहीच सापडलं नाही, त्यामुळे दहावं-बारावं काही केलं नाही. जिचं काही सापडलं नाही तिला गेली तरी कसं म्हणायचं? त्या रात्रीपासून सकुबाईने शेजारी गोधडी घातली. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हापासून ती त्या पाण्याकडे फिरकली नव्हती.

म्हणूनच ज्ञानेश्वरला ही सहल पाहिजे होती. गोव्याचं त्याला काही पडलं नव्हतं. आईला एकदा पाण्यावरून न्यायचं आणि सगळ्यांसकट सुखरूप परत आणायचं, म्हणजे कदाचित ती गोधडी एकदाची कपाटात जाईल, असं त्याने मनाशी धरलं होतं. कारण रोज रात्री ती गोधडी पडली की त्याला स्वतःचाच टाहो ऐकू यायचा. तो भला माणूस होता, दोन मुलांचा बाप होता, आणि रोज रात्री दिवा मालवला की तो आठ वर्षांचा व्हायचा.

"आई, हर्षितला तिकडं घ्या की," नम्रता खालून म्हणाली. "मला कूस बदलता येईना. तुमच्याकडं एवढी जागा हाय."

"इकडं जागा नाय," सकुबाई म्हणाली.

"अहो, दिसतेय ना जागा!"

हर्षितला या वादाशी काही घेणंदेणं नव्हतं. तो उठला आणि आजीला ओलांडून त्या मोकळ्या पट्टीत जाऊन पडला. दुसऱ्याच क्षणी ताडकन उठून बसला.

"बाबा, इथं ओलं आहे."

"ओलं कसं असेल? ऊन बघ केवढं पडलंय."

"ओलं आहे. गार लागतं." त्याच्या ओठांना कंप सुटला होता.

ज्ञानेश्वर गाडीवरून उतरला आणि त्याने जमिनीला हात लावला. खळं तापलेलं, कोरडं ठणठणीत होतं. पण पोराच्या सदऱ्याची पाठ ओली होती, आणि त्या ओलीला गाळाचा वास येत होता. पाणी ओसरल्यावर धरणाच्या काठाला येतो तो. नम्रतानेही वास घेतला. तिने दोन्ही मुलांना उचललं आणि चहा टाकते म्हणत आत गेली. धार असलेली जीभ अशी गप्प झालेली ज्ञानेश्वरने पहिल्यांदाच पाहिली.

सकुबाई आपल्या रेघेवर तशीच पडून होती. तो तिच्या उशाशी बसला.

"आये," तो म्हणाला, आणि अठ्ठावीस वर्षं कुणाला न सांगितलेलं एकदम बाहेर आलं. "मी रडलो म्हून ती उतरली. माझी जागा तिची होती."

आईने पदराची फक्की झटकली. मग म्हणाली, "तू पोर होतास. पोरं रडतातच."

"पन मी रडलो नसतो तर..."

"ऐक. मंगळू म्हनला येक ठेवा, तवा माज्या दोन हातांत तुमचे दोघांचे हात होते. ती हसत उतरली, समद्यांना दिसलं. पन त्याच्या आधी मी तिचा हात सोडला, ते कोनाला दिसलं नाय. तुजा नाय सोडला. तिचा सोडला." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "तिला कळलं. म्हून ती हसली. ते माजं हाय रे ज्ञाना. तू कशाला त्यातलं वाटून घेतोस?"

ज्ञानेश्वर रडला. छत्तीस वर्षांचा बाप्या दिवसाढवळ्या खळ्यात बसून रडला आणि गावभर फिरून परतलेल्या काकी कुंपणापलीकडून बघत होत्या, तरी त्याला त्याची लाज वाटली नाही. रडून झाल्यावर त्याने विचारलं, "मग येशील ना जहाजावर?"

"येईन. पन ती संगं येईल. तिला परत काठावर ठिवून मी पान्यावर जायाची नाय."

शनिवारी सकुबाई गोधडी काखेत मारून निघाली. आसनगावला गाडीत बसताना आणि बंदरात सामान तपासताना तिने ती कुणाच्या हाती दिली नाही.

खोली नकाशापेक्षा लहान निघाली. नकाशा काढणाऱ्याने त्यात कपाट आणि न्हाणीघर धरलं नव्हतं, की धरून लपवलं होतं, देव जाणे. दार उघडलं की समोर खाट, खाटेला लागून माणूस, माणसाला लागून दुसरी खाट. मधे सव्वा फुटाची पट्टी, त्यात बॅगा. खिडकी नव्हतीच, एका भिंतीवर समुद्राचं चित्र लावून भागवलं होतं. दिवा मालवला की भर दुपारी काळोख. मुलांना मात्र स्वर्ग मिळाला होता. भिंतीतून खाट बाहेर येते हे बघून हर्षितने ती चार वेळा उघडमीट केली आणि पाचव्या वेळी बोट चेंगरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि सगळे खोलीत येऊन आडवे झाले. जहाज संथ हलत होतं. बोट दुखतं म्हणून किरकिर करून हर्षित शेवटी आजीच्या खाटेवर पाय पसरून झोपला, भिंतीकडच्या बाजूला. वैष्णवी वरच्या एका खाटेवर होती, दुसऱ्या वरच्या खाटेवर ज्ञानेश्वर. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात त्याला खाली आई दिसत होती.

ती झोपली नव्हती. खाटेच्या काठावर गोधडी मांडीवर घेऊन बसली होती आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर नजर फिरवत होती. गोधडी घालायला जागा नव्हती. तिने हर्षितकडे पाहिलं, उचलू की नको असं झालं, आणि हात मागे घेतला. मग खालच्या बॅगा चाचपून बघितल्या. आदल्या रात्रीही हर्षित तिथेच झोपला होता आणि ती बसूनच होती, हे त्याच्या आता लक्षात आलं. सत्तरीची म्हातारी, आणि तिच्या तोंडावर त्या दिवशी होडीत बसलेल्या बाईचे भाव होते. परत तेच. माणसं सहा आणि जागा पाचांना.

ज्ञानेश्वर शिडीवरून खाली उतरला. त्याने आईच्या मांडीवरची गोधडी घेतली आणि वरच्या आपल्या खाटेवर अंथरली. चार कोपरे नीट केले आणि तो दाराकडे वळला.

"कुठं चाललास?" सकुबाईने विचारलं.

"तिला घे आये," तो म्हणाला. "मी पुढल्या खेपेला येतो."

आईने त्याच्याकडे बघितलं. तो बाहेर गेला आणि दार लोटून लांबच लांब बोळात जमिनीवर बसला. जाणारे-येणारे त्याला ओलांडून जात होते. एका बाईने हिंदीत विचारलं, बरं वाटत नाही का? तो म्हणाला, बरं वाटतंय. आणि खरंच वाटत होतं. इतकी वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं आणि ते कुठे गेलं हे त्याला पक्कं माहीत होतं.

थोड्या वेळाने आतून आईचा आवाज आला, दबका आणि लाडाचा. "चढ. हळू चढ गो, पाय निसटंल."

मग वैष्णवीचा झोपाळलेला आवाज. "आजी, मी वरच आहे. कधीची."

"तुला नाय बाय. तू झोप."

बोळातले दिवे एकसारखे जळत होते. जहाजाचं इंजिन जमिनीतून त्याच्या तळव्यांत घुमत होतं. त्याने मुद्दाम वेळ जाऊ दिला, होडी जाऊन परत यायला लागतो त्याहून जास्त. मग त्याने दार वीतभर उघडून आत डोकावून पाहिलं.

नम्रता झोपली होती. वैष्णवी झोपली होती. त्याच्या खाटेवरून गोधडीचं एक टोक खाली लोंबत होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं, सावकाश, बॅगांवर. खोलीभर गाळाचा वास होता. खाली सकुबाई उताणी झोपली होती, हर्षितला अगदी लागून, मधे जागा न ठेवता. तिला अशी झोपलेली त्याने कळायला लागल्यापासून पाहिली नव्हती. तिचा एक हात वर उचललेला होता, वरच्या खाटेच्या काठापर्यंत पोचलेला, आणि झोपेतही तो खाली पडत नव्हता. कुणाचा तरी हात धरावा तशी बोटं घट्ट मिटलेली होती.

ज्ञानेश्वरने दार हलकेच ओढून घेतलं आणि तो परत बाहेर बसला.