उपास धरणारी व्हॅन

“कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण ही गाडी उपास धरते,” चंद्रप्रकाश परुळेकर पंपावरच्या माणसाला म्हणाले. “घोटभर घेते आणि तोंड मिटते. जबरदस्ती केलीस तर अंगावर थुंकेल. आधीच सांगून ठेवतो.”

भांडुपच्या त्या पंपावरच्या माणसाने असली गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली होती. त्याने नोझल आत खुपसलं, दांडी दाबली. टक्. पेट्रोल बंद. पुन्हा दाबली, पुन्हा टक्. तिसऱ्यांदा त्याने जरा चिडूनच दाबली, तेव्हा आतून कोणीतरी गुळण्या करतंय असा आवाज आला आणि पेट्रोलची चूळ थेट त्याच्या बाहीवर. तो दचकून मागे सरला. मागे रांगेत उभ्या रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती. परुळेकर मात्र हलले नाहीत. नोझल उलटं धर, धार करंगळीएवढी सोड, घाई करू नको, असं ते त्याला शिकवू लागले. म्हशीला औषध पाजताना गुराचा डॉक्टर जसा तिची मान धरतो, तसा त्यांनी एक हात व्हॅनच्या पत्र्यावर ठेवला होता.

त्यांची सून जान्हवी पुढच्या सीटवरून हे सगळं आरशात बघत होती आणि तिला धक्का बसत होता तो त्या हाताचा. हात सरावलेला होता. म्हणजे हे आजचं नव्हतं.

परुळेकरांची एक ख्याती इथेच सांगून टाकायला हवी. मुलुंडमध्ये त्यांच्या सोसायटीत त्यांच्यावर विश्वास ठेवणारा माणूस शोधून सापडला नसता, आणि त्यांचं ऐकायला न थांबणाराही. गावच्या खाडीत त्यांनी धरलेला खेकडा एवढा मोठा, की त्याच्या नांगीत अडकलेली होडी सोडवायला पोलीसपाटलाला बोलवावं लागलं होतं. ज्या बेकरीची व्हॅन त्यांनी उभा जन्म चालवली, तिथल्या पावाला असा वास, की जोगेश्वरीला मागचं दार उघडलं तर अंधेरीची कुत्री उठून बसायची. बेकरी बंद पडली तेव्हा मालकाने ती व्हॅन त्यांनाच देऊन टाकली, एवढं मात्र खरं. आता जानकीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, घरी पोळीभाजीचे डबे करत आणि परुळेकर ते याच व्हॅनमधून पोचवत.

आणि जान्हवीला दवाखान्यात नेत.

घाटकोपरच्या त्या दवाखान्यात गेली काही वर्षं मूल व्हावं म्हणून तिचे उपचार चालू होते. सासरे दर वेळी बाहेर व्हॅनमध्ये बसून राहत. आत काय झालं, हे त्यांनी कधीही विचारलं नव्हतं. ती आली की गाडी सुरू करायची आणि विक्रोळी यायच्या आत एखादी लोणकढी सोडायची, हा त्यांचा नेम. आज सकाळी मात्र रिपोर्ट हातात पडला होता. नाही. ही शेवटची खेप, यानंतर शरीराला आणखी छळायचं नाही, हे तिने आणि तिच्या नवऱ्याने, सर्वेशने, आधीच ठरवलेलं होतं. सर्वेश कामासाठी नाशिकला होता. मी आल्यावर दोघं मिळून सांगू, असं तो फोनवर म्हणाला. तेव्हापासून ती ते ‘नाही’ पर्समध्ये घालून बसली होती. सासूसासऱ्यांना कसं सांगायचं, एवढाच विचार डोक्यात होता.

नाहूरच्या अलीकडे व्हॅनने दोन आचके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला बंद पडली. परुळेकर शांतपणे उतरले, मागे जाऊन त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. हूश्श. केवढा तरी मोठा उसासा आला. त्यांनी झाकण लावलं, येऊन चावी फिरवली, आणि व्हॅन सुरू.

“बाबा, हे काय होतं?”

“काय नाय गो. जीव घुसमटतो तिचा मधीच. जरा श्वास घेऊ दिला की चालते.”

कधीपासून, असं तिने विचारलं, तर ते पेट्रोलवर घसरले. हल्ली म्हणे पेट्रोल दाट येतं. मागच्या महिन्यात त्यांनी पेट्रोल पातळ येतं असं सांगितल्याचं तिला पक्कं आठवत होतं. सरळ गॅरेजला घ्या, ती म्हणाली. गॅरेज बंद आहे, ते म्हणाले. इसिडोर वसईला गेलाय, पुतणीच्या बारशाला. मग दुसरं कोणाचं तरी बघू, ती म्हणाली. दुसऱ्या कोणाला या गाडीचा स्वभाव ठाऊक नाही, ते म्हणाले.

एरवी ती हसून गप्प बसली असती. आज तिला काय झालं कोण जाणे. जे आत जायला हवं ते आत न घेणारी आणखी एक वस्तू तिला सहन होईना.

“गॅरेजला घ्या बाबा. नाहीतर मी इथेच उतरते.”

लग्न होऊन घरात आल्यापासून ती अशी बोलली नव्हती. परुळेकरांनी तिच्याकडे बघितलं आणि गाडी वळवली.

इसिडोर वसईला गेलेला नव्हता. मुलुंडच्या पिठाच्या गिरणीशेजारी त्याचं गॅरेज सताड उघडं होतं आणि तो दारात बसून कलिंगड खात होता. व्हॅन बघून तो उठला. किती महिने झाले चंदू, म्हणाला, मला वाटलं तू गाडी विकलीस नायतर वारलास. जान्हवीने त्याला सगळं सांगितलं: टक् होतं, थुंकते, मधेच गुदमरते, झाकण उघडलं की उसासा सोडते. इसिडोरला त्यात काही कोडं दिसलं नाही. टाकीत पेट्रोल जायला आतली हवा बाहेर निघावी लागते, तो म्हणाला, आणि पेट्रोल संपत जाईल तशी बाहेरची हवा आत यावी लागते. त्याच्यासाठी मागच्या चाकाच्या वर एक रबरी नळी असते. ती कुठेतरी बुजली असणार. आत्ता काढून देतो.

“राहू दे रे,” परुळेकर म्हणाले. “उद्या येतो.”

पण इसिडोर गाडीखाली शिरलासुद्धा होता. आतून त्याचा फुंकर मारल्याचा आवाज आला, मग खोकला, मग एक शिवी. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात वीतभर काळी नळी होती आणि तिचं एक तोंड मातीने लिंपलेलं होतं. लिंपण इतकं गुळगुळीत, की कोणीतरी बोटाने फिरवून केल्यासारखं. इसिडोरने ते उन्हात धरलं आणि तो चकित होऊन हसला.

“चंदू, कुंभारीण माशीनं घर केलंय रे. आमची आई सांगायची, जिथे कुंभारीण घर करते त्या घरात पाळणा हलतो. कोणाकडे...”

त्याने मान वर करून जान्हवीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच टाकून दिलं. कोपऱ्यात जाऊन तो उगाच तार शोधू लागला. तार मिळाली, ती घेऊन तो नळीकडे वळला, तेव्हा परुळेकरांनी त्याचं मनगट धरलं.

“हात लावू नको. दुसरी नळी टाक. ही मला अशीच दे.”

जान्हवी बघतच राहिली. सासऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं, हे तिला एकदम कळलं. मग तिने विचारलं, तेव्हा ते तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलं. शिमग्याला सासू-सासरे गावी गेले होते तेव्हा व्हॅन सोसायटीत उभी होती. परत आल्यावर जानकीबाई तळमजल्यावरच्या गॅलरीत तांदूळ निवडायला बसल्या, तर एक कुंभारीण तोंडात चिखलाचा गोळा घेऊन चाकामागे शिरताना दिसली. पुन्हा आली, पुन्हा शिरली. त्यांनी नवऱ्याला आत बोलावून घेतलं आणि बजावलं, कुंभारणीचां घर मोडूचां नसतां. ते नळीतून हलवायचंही नाही. आणि जान्हवीला कळू द्यायचं नाही, तिला आधीच काय कमी ओझं आहे.

तेव्हापासून हा माणूस करंगळीएवढ्या धारेने पेट्रोल भरत होता. पंप बदलत होता, कारण एका पंपावर दोनदा उभं करेनात. उन्हातान्हात डबे घेऊन जाताना रस्त्यात उतरून झाकण उघडत होता. आणि रोज सकाळी, कोणी उठायच्या आत, चाकामागे वाकून बॅटरी मारत होता.

“उडून गेली की साफ करणार होतो,” ते म्हणाले. “भोक पडतं ना लिंपणाला, बाहेर आली की. रोज बघायचो. अजून कसं नाही पडलं, तेच कळत नाही.”

शिमगा होऊन आता आंबे संपत आले होते.

जान्हवीने इसिडोरच्या हातातून नळी घेतली. तिला राग आला होता का, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. थेंबाथेंबाने आत साठत गेलेलं काहीतरी होतं. तिने टायरवर वर्तमानपत्र पसरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी नळी दाबली. माती कडकड करत फुटली. परुळेकरांचा हात पुढे आला आणि अर्ध्यावरच थांबला.

कागदावर आधी भुकटी पडली. मग छोटे-छोटे कोळी, पाय मुडपून घेतलेले, वाळलेले. कुंभारीण पोटच्या पिल्लासाठी भरून ठेवते ती बेगमी, इसिडोर हळूच म्हणाला. एकही खाल्लेला नव्हता. आणि सगळ्यांच्या मागून तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पिवळट, अळीसारखं घरंगळलं. त्याला पेट्रोलचा वास येत होता.

शेजारी गिरणी चालू होती.

“टाकीची वाफ लागली असणार,” इसिडोर म्हणाला. “पहिल्याच दिवशी.”

परुळेकर पालथ्या घातलेल्या डब्यावर बसले. प्रत्येक गोष्टीवर गोष्ट असलेल्या या माणसाकडे आत्ता काहीच नव्हतं. जान्हवीला त्या रिपोर्टपेक्षाही याचा जास्त धक्का बसला. सर्वेश आल्यावर मिळून सांगायचं ठरलं होतं, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

“बाबा, आज रिपोर्ट आला. नाही झालं. आता पुन्हा करायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.”

ते कागदावरच्या भुकटीकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “सकाळपासून काही खाल्लंस काय गो?”

इसिडोरने कलिंगडाची फोड पुढे केली. तिने ती उभ्याउभ्या खाल्ली आणि खाता-खाता तिला रडू आलं. इसिडोर लगबगीने पुन्हा गाडीखाली गेला. सासऱ्यांनी खिशातला रुमाल काढला, त्याला ग्रीस लागलं होतं असं दिसल्यावर तो उलटा घडी केला आणि मग तिला दिला.

नवी नळी बसली. मुलुंडच्याच पंपावर व्हॅनने एका दमात पेट्रोल घेतलं, टक् नाही की चूळ नाही. एवढं गटागट, की परुळेकरांनी वाकून आत बघितलं. त्यावर ते काहीतरी बोलतील म्हणून जान्हवीने वाट पाहिली. त्यांनी पैसे दिले आणि गाडी सुरू केली.

घरी जानकीबाई ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या. दोघांच्या अंगाचा पेट्रोलचा वास दारातूनच त्यांच्या नाकात गेला. एवढा उशीर का, गाडी बंद पडली का, असं त्यांनी एका श्वासात विचारलं. कोणी त्या नळीला हात तर नाही ना लावला, हे मात्र त्यांनी नवऱ्याला डोळ्यांनीच विचारलं. जान्हवीने तोंड उघडलं, पण परुळेकर तिच्या पुढे झाले होते.

गो, आज काय झालं म्हणून सांगू, त्यांनी सुरुवात केली आणि आवाज असा काही चढत गेला, की गॅलरीतली चिमणीसुद्धा ऐकायला थांबली असावी. भांडुपच्या सिग्नलला मागून करवत चालवल्यासारखा आवाज आला. त्यांनी गाडी बाजूला घेतली. लिंपणाला मधोमध भोक पडत होतं, ते दोघांनी या डोळ्यांनी बघितलं. आधी मिशी आली, मग डोकं, आणि मग सबंध कुंभारीण, सोन्याच्या पंखांची. आरशावर बसून तिने पंख वाळवले. पाठचे रिक्षावाले हॉर्न वाजवायचे विसरले. मग ती उडाली, जान्हवीच्या डोक्याभोवती तिने फेरा घेतला, तिच्या खांद्यावर घटकाभर टेकली, आणि ऐरोलीच्या खाडीकडे निघून गेली. घर कोणी मोडलं नाही. तीच मोकळं करून गेली.

सांगताना त्यांनी एकदाही सुनेकडे बघितलं नाही. आणि ते इतकं सुरेख सांगत होते, की सगळं ठाऊक असूनही जान्हवीचा हात आपोआप खांद्याकडे गेला. जानकीबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“खांद्यार बसली?” त्या म्हणाल्या. “मगे आता काय बघूचा नको.” पदराला हात पुसत त्या डब्यातली साखर काढायला वळल्या, देवापुढे ठेवायला.

जान्हवीने त्यांचा हात धरला.

“आई, नका ठेवू. बाबा खोटं सांगतायत. काही उडालं नाही. आतल्या आत मेलेलं होतं. आणि घर मी फोडलं, माझ्या हातांनी.”

कुंभारीण कशी उडाली ते दाखवायला वर गेलेला परुळेकरांचा हात तसाच हवेत राहिला.