दुसरा टोला

"मी सही करणार न्हाय," असं सौंदर्या म्हणाली, आणि तिचं वाक्य हवेत विरायच्या आत सयाजीनं शिवशरणचं तोंड लेथच्या लोखंडी पाट्यावर आपटलं. नाक फुटल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. रक्ताची धार खालच्या भुशात पडली आणि भुशानं ती तिथल्या तिथं पिऊन टाकली.

"वैनी, मी काय गुंड न्हाय," दारात उभा असलेला आदर्श म्हणाला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात टाइप केलेला कागद आणि पेन. "सही केलासा की आमी निघालो. उगंच शिवशरण अण्णाला तरास."

सयाजीनं पुन्हा आपटलं.

भर दुपार होती. उचगावच्या रस्त्यावरनं उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून कारखान्याकडं चालल्या होत्या. त्या दणदणाटात शेडमधलं कुणाच्या बापाला ऐकू जाणार नव्हतं. सौंदर्याला मात्र एकच गोष्ट कळत नव्हती. शिवशरण हात का उचलत नाही? नेसरीहून कोल्हापूरच्या तालमीत आलेला हा गडी. एके काळी याच्या कवेत सापडलेला पैलवान पाठ लागल्याशिवाय सुटत नसे. गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटली, पण दंड अजून तसेच होते. आणि मारणारा सयाजी तर त्याच्याच हाताखाली तालमीत घुमून तयार झालेला. ज्या पकडीत त्यानं शिवशरणची मान धरली होती, ती पकडही शिवशरणनंच शिकवलेली. कितीतरी सकाळी तालमीतनं थेट घरी येऊन त्यानं सौंदर्याच्या हातची भाकरी खाल्ली होती. आता आदर्शचा पगार घेऊन तोच तिच्याकडं न बघता तिच्या नवऱ्याला मारत होता.

कुस्ती सुटल्यावर शिवशरणनं लाकूड कातायची लेथ घेतली आणि तो तालमीसाठी मुद्गल, करेल, गदा असली व्यायामाची जड लाकडी साधनं घडवायला लागला. गावात असा माल किती खपणार? सौंदर्यानं फोटो काढून तो इंटरनेटवर विकायला ठेवला. ती संकेश्वरकडची. माहेरी कन्नड, शाळेत मराठी, आणि इंग्रजी तिनं गरजेपुरती स्वतःच पैदा केलेली. जर्मनीतल्या एका व्यायामशाळेनं पहिली जोडी मागवली, मग इंग्लंड, मग अमेरिका. तिकडच्या लोकांना आपल्या मुद्गलाचं वेड लागलंय हे बघून शिवशरण पोट धरून हसला होता.

पण विकणं सोपं आणि पोचवणं अवघड. निर्यातीचा परवाना सौंदर्याच्या नावावर निघाला. लाकडात कीड नाही याचा दाखला लागायचा, प्रत्येक जिनसाला जकातीचा ठरलेला क्रमांक लागायचा. एकदा गदेला तिनं इंग्रजीत 'मेस', म्हणजे गदाच लिहिलं, तर तिकडच्या जकातवाल्यांनी हत्यार म्हणून पार्सल अडवून ठेवलं. मग तिनं तालमीत जाऊन गदा फिरवणाऱ्या पोरांचे फोटो काढले, पत्र लिहिलं आणि माल सोडवला. तेव्हापासून ती फार काटेकोर झाली. खोक्यात जे आहे तेच कागदावर, आणि जी किंमत आहे तीच. दुसरे विक्रेते गिफ्ट म्हणून लिहितात, अर्धी किंमत दाखवतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं ते कधी केलं नाही.

आणि मग त्या ऑगस्टात अमेरिकेनं आपल्या मालावर निम्म्या किमतीएवढा कर बसवला. लहान पार्सलांना असलेली सूटही काढून टाकली. गिऱ्हाइकाच्या दारात पार्सल जायचं, कुरिअरवाला कर मागायचा आणि गिऱ्हाईक दार लावून घ्यायचं. माल परत यायला लागला. आपण केलेली वस्तू आपल्याच देशात परत घेतानासुद्धा ती आपलीच आहे हे सिद्ध करावं लागतं, हेही सौंदर्याला तेव्हाच कळलं. शेडमध्ये परत आलेल्या खोक्यांची भिंत उभी राहिली. शिवशरण त्या भिंतीकडं पाठ करून बसायचा.

आदर्श त्याच वेळी भेटला. शाहूपुरीत त्याचं परदेशी पार्सलं पाठवायचं ऑफिस होतं. त्यानं वाट दाखवली. माल आधी दुबईला पाठवायचा, तिथं खोकी बदलायची, वर 'दुबईत बनवलेलं' असा शिक्का मारायचा आणि मग अमेरिकेला धाडायचा. दुबईच्या मालाला तिकडं कर कमी. सौंदर्यानं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. शिवशरणनं मात्र दुसऱ्या दिवशी त्याला ऑफिसात गाठलं आणि बायकोला न सांगता माल त्याच्या हवाली केला.

अमेरिकेतनं इमेल आला तेव्हा तिला हे कळलं. माल जप्त, मूळ देश खोटा दाखवला, खुलासा करा. खाली विक्रेती म्हणून तिचं नाव. इकडच्या कस्टम्सचीही नोटीस मागोमाग आली. तिनं शिवशरणला विचारलं, तो खाली बघत राहिला, आणि तिनं हातातला तांब्या फेकून मारला. त्याच्या कपाळाला खोक पडली. हळद तिनंच दाबली.

आदर्शच्या हातातला कागद त्याचसाठी होता. शिक्के दुबईत नव्हे तर या शेडमध्येच, सौंदर्याच्या सांगण्यावरून मारले, असं त्यात लिहिलेलं. तिनं सही केली की आदर्श सुटला आणि ती अडकली.

"सयाजी," आदर्श म्हणाला, "ह्याचा गुडगा कुठला रं गेलाय?"

सयाजी थबकला. पहिल्यांदाच त्यानं सौंदर्याकडं पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. मग शिवशरणला केसाला धरून त्यानं खाली पाडलं आणि उजव्या गुडघ्यावर पाय ठेवून भार दिला. शिवशरण इतका वेळ गप्प होता, तो आता ओरडला. माणसाचा म्हणावा असा तो आवाज नव्हता. चाप लागलेलं जनावर तसं ओरडतं.

बाजूला बांधायला काढलेली मुद्गलांची जोडी पडली होती. सौंदर्यानं त्यातला एक उचलला. व्यायाम म्हणून तिनं तो कधी फिरवला नव्हता, पण रोज उचलून, पुसून, खोक्यात भरून त्याचं वजन तिच्या खांद्याला माहीत होतं. तिनं दोन्ही हातांनी मूठ धरली, कमरेतनं वळली आणि सयाजीच्या कोपरावर घातला. हाड मोडलं. सुकी काटकी मोडते तसा आवाज नव्हता. ओला ऊस पिळताना येतो तसा होता.

सयाजी कोसळला. मोडलेला हात भुशात पसरलेला, तोंड उघडं, आणि आवाजच फुटेना. शेवटी तो म्हणाला, "वैनी."

इतकंच. आणि तो शब्द ऐकल्यावर तिच्या डोळ्यांपुढं काय आलं ते तिला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. परत आलेली खोकी आली, नवऱ्याचं खाली घातलेलं तोंड आलं, आदर्शचा इस्त्रीचा शर्ट आला. तिनं मुद्गल पुन्हा डोक्यावर नेला आणि त्याच हातावर, मनगटाच्या जरा वर, होता नव्हता तेवढा जोर लावून हाणला. या वेळी सयाजी किंचाळला. आदर्शनं कागद टाकला आणि पळाला. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

तिसऱ्यांदा मुद्गल वर गेला होता. शिवशरणनं सरपटत येऊन तिच्या पायांना मिठी मारली आणि तिला खाली ओढलं. दोघं भुशात पडले. त्याच्या नाकातलं रक्त तिच्या पातळाला लागलं.

"बास," तो म्हणाला. "बास, सौंदर्या. पडलाय तो."

अॅम्ब्युलन्स तिनंच फोन करून बोलावली.

ठाण्यात जाण्याआधी वकिलांनी तिला बाजूला घेतलं. ओळखीतले होते, वयानं मोठे. "हे बघ बाळ," ते म्हणाले, "नवऱ्याला वाचवाय मारलंस, ते कायद्यात बसतंय. एक टोला. गडी पडला, विषय संपला. दुसऱ्याचं नाव काढू नगंस."

"डॉक्टर बघतील की. हात दोन जाग्याला मोडलाय."

"पडताना मोडला म्हणायचं. लेथवर आपटला म्हणायचं."

शिवशरण बाकावर बसला होता. नाकात कापसाचे बोळे. तोही म्हणाला, "ते म्हणत्यात तसं सांग की. त्यानं काय कमी मारलंय व्हय मला?"

आत फौजदारानं विचारलं, "बाई, किती टोले मारलासा?"

"दोन."

"पहिल्यानंच पडला न्हवं?"

"व्हय. पडलाता. मग दुसरा मारला."

फौजदारानं पेन थांबवलं. वकिलांनी डोळे मिटून घेतले. बाजूला उभी असलेली महिला हवालदार तिच्याकडं बघत राहिली, आणि मग तिनं स्वतःच पाण्याचा ग्लास पुढं केला.

गुन्हा नोंदला गेला. आदर्शवर आणि सयाजीवरही, आणि सौंदर्यावरही. तिला जामीन मिळाला. पुढं पुण्याला कस्टम्सच्या सुनावणीला ती एकटी गेली. तिथंही तिनं सगळं सांगितलं. माल कुणाच्या हातानं गेला, कुणी परवानगी दिली, आपल्याला कधी कळलं. शिवशरणचं नावही सांगितलं. दंड बसला आणि तिचा परवाना काही महिने गोठवला. आदर्शच्या ऑफिसवर छापा पडला तेव्हा कबनूरच्या यंत्रमागवाल्यांचं कापडही त्याच वाटेनं गेल्याचं निघालं. तो आत गेला.

पुण्याच्या सुनावणीहून ती परतली त्या रात्री जेवताना शिवशरणनं विचारलं, "माझं नाव घेटलंस?"

"घेटलं."

त्यानं भात कालवला. "मी हात का न्हाय उचलला, म्हाईत हाय तुला? माझंच चुकलंतं. मार बसला की फिटंल असं वाटलं."

"कागद माझ्या नावावर हुता," सौंदर्या म्हणाली. "तुमच्या नाकानं माझं काय फिटणार हुतं?"

पुढं बरेच दिवस घरात दोघांचं बोलणं कामापुरतंच होतं. तरी रोज सकाळी तो लेथ सुरू करायचा आणि ती शेडमध्ये यायची.

अशाच एका सकाळी सयाजीची आई आली. बनाबाई, बिद्रीची. आधी तिनं शांतपणे विचारलं, "सौंदर्या म्हंत्यात ती तूच काय?" सौंदर्या हो म्हणाली. बनाबाईनं पायातली चप्पल काढली आणि तिच्या तोंडावर मारली. मग खांद्यावर, पाठीवर, जिथं बसेल तिथं. शिवशरण धावत आला. सौंदर्यानं हात वर करून त्याला तिथंच थांबवलं. म्हातारी मारत होती आणि बोलत होती. "त्याच हातानं भाकरी खाल्लीया न्हवं तुझी? त्याच हातानं? आता भाकरी मोडाय येत न्हाय त्याला. मी भरवायलोय. तीस वर्साच्या पोराला मी भरवायलोय."

मारून मारून ती दमली आणि खाली बसली. सौंदर्याच्या गालावर चपलेचा वळ उठला होता, ओठ फुटला होता. तिनं ओठ पदरानं पुसला. "चुकलं" म्हणणं तिच्या जिभेवर आलं होतं, पण ते खरं किती आणि खोटं किती हे तिचं तिलाच ठरवता येईना, म्हणून ती गप्प राहिली. बनाबाई उठली, चप्पल पायात घातली आणि मागं न बघता गेली.

परवाना सुटला. जर्मनीची मागणी हळूहळू परत आली. अमेरिकेला माल पाठवताना सौंदर्या आता गिऱ्हाइकाला आधीच कर सांगायची. ज्याला परवडेल तो घ्यायचा, बाकीचे नाही. परत आलेल्या खोक्यांतला माल शिवशरणनं गावोगावच्या तालमींना देऊन टाकला. फक्त तो एक मुद्गल पोलिसांकडं होता, खटल्यातला मुद्देमाल म्हणून.

खटल्याच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात सयाजी दिसला. खांद्यातलं बळ ओसरलेलं, उजवा हात शर्टाच्या बाहीत वाकडा. तो तिच्यासमोरच्या बाकावर बसला. शिवशरण वकिलाबरोबर आत गेला होता.

"वैनी," सयाजी म्हणाला.

तिनं वर पाहिलं.

"पहिला का मारलासा ते समजलं मला. मी बी मारला असता." तो थांबला. "दुसरा का मारलासा?"

व्हरांड्यात पक्षकारांची गर्दी होती, कुणी केळी खात होतं, कुणी वकिलाला शोधत होतं. सौंदर्यानं त्याच्या हाताकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"तू मला वैनी म्हणालास म्हणून," ती म्हणाली. "त्येचाच राग आला."

सयाजीनं हळूच मान हलवली, जणू हे त्याला आधीच माहीत होतं. आतनं शिपायानं तिचं नाव पुकारलं. सौंदर्या उठली. दारातली गर्दी हटत नव्हती, तेव्हा सयाजीच पुढं झाला आणि डाव्या हातानं माणसं बाजूला करत त्यानं तिला वाट करून दिली.